मण्यार आणि कवड्या

माझी माय मण्यार चावून गेली. त्या सकाळी मण्यार कशी दिसते हे आमच्या घरात कुणालाच नीट माहीत नव्हतं.

रामाकोन्याजवळच्या आमच्या गावात पोळ्यानंतरची दमट सकाळ होती. माय खाली गोधडी टाकून झोपायची. उठली तीच पोट दुखते म्हणत. धाकटा भाऊ तिची गोधडी उचलायला गेला, तर घडीतून काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा साप खाली पडला. त्यानं काठीनं मारला आणि नाल्यात फेकून दिला.

"कवड्या हाय. यात जहर नसते," तो म्हणाला.

"मुंगी चावल्यासारखं झालं होतं मले दंडाले पहाटे," माय म्हणाली. दंडावर सूज नव्हती, रक्त नव्हतं. बाबांनी ओव्याचं पाणी दिलं. दुपारी तिच्या पापण्या मिटायला लागल्या, जीभ जड झाली, तेव्हा तिला गाडीत घालून सौंसरला आणलं. माझी नोकरी सौंसरलाच, म्हणून मी दवाखान्यात आधी पोचले होते. माय माझ्याकडे पाहायचा प्रयत्न करत होती, पण डोळे उघडत नव्हते. तिथून नागपूरला न्यायला सांगितलं. ती रस्त्यातच गेली.

दिवस झाले, पाहुणे परतले. भावानं संत्र्याच्या बगीच्यात जाताना काठी सोडली नाही. दिसेल तो साप मारायचा. धामण मारली, पाण्यातला धोंड्या मारला.

मला मात्र एकच गोष्ट छळत होती. तो साप मी पाहिला नव्हता. मायला कशानं नेलं, ते मला ओळखता यायला हवं होतं. मोहगावला एक निवृत्त गुरुजी राहतात. कुणाच्या घरात साप निघाला की लोक त्यांनाच बोलावतात. एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "या. पण शिकाचं असंल तर सापाले सापासारखं पाहा लागंल. वैरी म्हणून पाहाल तर काहीच दिसणार नाई."

पुढे रविवारी त्यांच्याबरोबर शेतांतून, नाल्याकाठानं हिंडले. मी घाईनं नाव सांगितलं की ते थांबवत. "नाव मंग. आधी काय दिसलं ते सांगा." डोकं मानेपेक्षा रुंद आहे का, खवले चकचकीत की खरखरीत, पट्टे कुठून सुरू होतात. बांधावर पडलेली कात कशी उलगडायची, हेही त्यांनी शिकवलं. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध मोठ्या, षटकोनी खवल्यांची रांग असते. तिचे पट्टे बारीक, बहुतेक जोडीजोडीनं, मानेपासून थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीपर्यंत जातात. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक असतात, शेपटीकडे फिके होत विरून जातात.

एकदा नाल्यात पाय सोडून बसलो असताना मी विचारलं, "ओळखला असता तर माय वाचली असती का?"

"ते कोणाले सांगता येणार नाई," ते म्हणाले. "पण चावल्यावर ओळखत बसाचंच नाई. शंका आली की दवाखाना. ओळख आपल्यासाठी असते, भेव कमी व्हावं म्हणून."

घरी आल्यावर मी हे भावाला सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे शेपटीवरचे पट्टे सांगावे लागले असते, आणि त्या सकाळी 'कवड्या हाय' असं तोच म्हणाला होता.

हिवाळ्यात संत्री तोडायला गेलो होतो. दगडाच्या ढिगाजवळ भाऊ एकदम थांबला आणि काठी उचलली. मी धावत गेले. दगडावर एक तपकिरी, सडपातळ साप. मानेजवळ पट्टे पांढरे, पुढे धूसर होत गेलेले.

"थांब. हा कवड्या हाय. खरा कवड्या."

"तुले कसं समजते?"

आता टाळता येत नव्हतं. मी त्याला दाखवलं, याचे पट्टे शेपटीकडे विरतात, मण्यारीचे शेपटीपर्यंत जातात. तो साप पाहत होता, मी बोलत होते. साप दगडांच्या फटीत सरकून गेला. भावाची काठी तशीच वर होती.

मग तो खाली बसला. "त्या दिवशीच्या सापाचे शेपटीपर्यंत होते, ताई," तो म्हणाला. "मले माहीत हाय. मी रोज पाहून राहिलो ना त्याले, डोये मिटले की."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तुझी चूक नव्हती, असं म्हणणार होते; पण त्याला ते खोटं वाटलं असतं. म्हणून म्हटलं, "पुढच्या रविवारी गुरुजींकडे येतोस का म्हणणार नाही. येच." तो आला. गुरुजींनी त्याला काही विचारलं नाही, फक्त एक कात हातात दिली आणि उलगडायला सांगितली.

मागच्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या काकूंना कपाशी निंदताना हाताला साप चावला. लोक साप शोधायला धावले. कुणी म्हणे परड, म्हणजे घोणस, कुणी म्हणे धामण. भावानं काठ्या खाली ठेवायला लावल्या, काकूंना मोटारसायकलवर मधे बसवलं, मागे त्यांच्या मुलाला, आणि थेट सौंसर गाठलं. काही दिवसांनी काकू सुजलेला हात गळ्यात बांधून घरी आल्या.

हे मला बाबांनी फोनवर सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांनी फोन बंद न करताच खाली ठेवला असावा. मला बराच वेळ फक्त अंगणातल्या कोंबड्या ऐकू येत राहिल्या.