पंच्याहत्तरवाल्या मॅडम

बारावीच्या वर्गाची हजेरी घेताना मॅडम रजिस्टरकडे बघतच नसत. नव्वद नावं तोंडपाठ, आणि नजर थेट चेहऱ्यावर. मैत्रिणीने आपल्या नावाला ‘हजर’ म्हणायची सोयच उरली नव्हती. पंच्याहत्तर टक्के हजेरी नाही तर हॉल तिकीट नाही, हे त्या इतक्यांदा ऐकवत, की पोरींनी नावच पाडलं, पंच्याहत्तरवाल्या मॅडम.

“कारण नको, तारीख सांग,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला ते भारी झोंबायचं. आम्ही कळव्याचे आगरी. तुळशीचं लग्न लागलं की भावकीत हळदी सुरू, आणि एकेका हळदीपायी माझे तीन-तीन दिवस जात. त्याआधीचे दिवस मी नुसतेच उडवले होते, हेही खरंच. जानेवारीत माझी हजेरी भरली एकसष्ट टक्के.

मग मी शहाणपणा केला. ओळखीच्या डॉक्टरकडून टायफॉइडचं सर्टिफिकेट आणलं आणि कोपरापर्यंत मेंदी लावलेल्या हातांनी मॅडमसमोर धरलं. त्यांनी कागद वाचला, मग हात पाहिले. “टायफॉइड छान रंगलाय गं,” एवढंच म्हणून कागद परत दिला.

हॉल तिकिटं वाटली, त्यात माझं नव्हतं. घरी जायची हिंमत होईना. मॅडम म्हणाल्या, “चल, मी येते.”

बाबांनी ऐकलं आणि उसळलेच. “पोरीचा वरीस फुकट गेला! एक कागद लावला असता तं तुमचा काय जात व्हता? आता बस झाला शिकना. लगीन लावून टाकू.”

मॅडमचा चेहरा उतरला, पण त्या उठल्या नाहीत. “हॉल तिकीट अडवलेल्या कागदावर सही माझी आहे. ओरडायचं ते माझ्यावर ओरडा. पण जूनमध्ये ही पुन्हा वर्गात बसेल, हा शब्द घेतल्याशिवाय मी जाणार नाही.”

आईने ठेवलेला चहा गार झाला. बाबा आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. मॅडम तिथेच. शेवटी बाबा दारातूनच म्हणाले, “पाठवीन तिला. आता जावा तुमी.”

त्या बसून राहिल्या नसत्या, तर माझं शिक्षण त्याच दिवशी संपलं असतं. हे आज कळतं. तेव्हा मात्र मला त्यांचा इतका संताप आला होता, की त्यांना सोडायला मी दारापर्यंतही गेले नाही.

मे महिन्यात त्या निवृत्त झाल्या. पुढच्या वर्षी मी पास झाले आणि निकाल घेऊन ठाकुर्लीला त्यांच्या घरी गेले. त्यांनी चष्मा लावून एकेक विषयाचे गुण वाचले.

“राग गेला का माझ्यावरचा?”

“नाही,” मी म्हणाले. खरंच गेला नव्हता. वर्ष माझं गेलं होतं.

“राहू दे,” माझा हात धरून मला आत घेत मॅडम म्हणाल्या, “आलीस ना.”