आक्कांच्या कुंपणाची टिकटिक

सप्टेंबरातला दुसरा शनिवार, संध्याकाळचे सव्वापाच. आक्कांच्या मक्याच्या बांधावर, पत्र्याच्या शेडसमोर आम्ही तिघं हजर होतो: आक्का, मी आणि माझी बायको. रक्कम पाच हजार दोनशे. एवढ्याला आक्कांनी बॅटरीसकट झटका मशीन घेतलं होतं, आणि तेच त्या मला बजावत होत्या.

"भाऊसाहेब, अर्धा घंटा म्हणलंय, अर्धाच घंटा. मशीन बिघडलं तर बावन्नशे भरून घीन. आन मका गेला तर तुमच्या दारात येऊन बसंन."

"अर्धा तास म्हणजे तीस मिनिटं, आक्का. लिहून देतो."

"तुमचं लिहिलेलं लई हाय घरात. चालू करून जावा म्हंजे झालं."

शेडची किल्ली माझ्या हातात ठेवून त्या मुरुम गावच्या एसटीला गेल्या. लेकीच्या घरी बारसं होतं. मुक्काम करून सकाळी परतायच्या होत्या.

आमचं घर माकणीत, गावाच्या अगदी कडेला. आमच्या मागच्या भिंतीला लागून आक्कांचा अडीच एकर मका. साठी ओलांडली तरी शेत त्या स्वतःच करतात. गावच्या धरणाच्या काठानं बाभळीची झुडपं वाढलीत, त्यांत रानडुकरं असतात, आणि कणसात दूध भरलं की ती मक्यात घुसतात. म्हणून शेताभोवती तार आणि तारेला झटका मशीन. हे मशीन सेकंदाहून थोड्या जास्त वेळानं तारेत एकेक झटका सोडतं. जनावर मरत नाही, पण परत फिरतं.

मला त्या मशीनशी काय करायचं होतं, ते सांगतो. मी लोहाऱ्याला एका शाळेत क्लार्क आहे. बावीस वर्षं पगारबिलं काढतो. रेडिओचा नाद उशिरा लागला. हौशी रेडिओची, म्हणजे हॅमची, परीक्षा पास झालो, परवाना अजून यायचा आहे, त्यामुळं बोलता येत नाही, फक्त ऐकतो. तेही खऱ्या रेडिओवर नाही. अंगठ्याएवढं एक डोंगल जुन्या लॅपटॉपला लावायचं. रेडिओच्या आतले भाग जे काम करतात, ते सगळं लॅपटॉपमधला प्रोग्रॅम करतो. लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स आहे. सुरुवातीला लिनक्स त्या डोंगलला टीव्हीचं यंत्र समजून धरून बसायचं. ते सोडवायला एका फाइलीत एकच ओळ लिहायची होती, ती सापडायला मला तीन संध्याकाळी लागल्या. गच्चीपासून शेवग्याच्या झाडापर्यंत वीस मीटर तांब्याची तार बांधली. रोज सकाळी साडेसहा ते सात या वेळात सात मेगाहर्ट्झवर राज्यभरचे हौशी जमतात. कुणी पाऊस सांगतो, कुणी बॅटरीचा व्होल्टेज. मी कुणाचा आवाज किती स्वच्छ आला ते रजिस्टरात लिहितो.

ऑगस्टच्या मध्यापासून त्या आवाजांवर टिकटिक सुरू झाली. लॅपटॉपच्या पडद्यावर येणारे सिग्नल वरून खाली सरकत जाणाऱ्या चित्रासारखे दिसतात. त्या चित्रात ठरावीक अंतरानं आडव्या रेघा उमटायला लागल्या. प्रत्येक रेघेला बोलणाऱ्याचा एक शब्द जायचा.

मी आधी स्वतःचं घर तपासलं. मेन स्विच पाडला, गच्चीवर बसून लॅपटॉप त्याच्या बॅटरीवर चालवला. टिकटिक तशीच. रजिस्टरात लिहिलं: "कारण घरात नाही." खाली रेघ ओढली. मग भिंतीपलीकडे आक्कांच्या मशीनचा टक टक आवाज ऐकला आणि मोबाइलवर वेळ लावून मोजला. मिनिटाला पन्नास ठोके. पडद्यावरच्या रेघा मोजल्या. मिनिटाला अठ्ठेचाळीस. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा पन्नास आणि अठ्ठेचाळीस.

पगारबिलात एका रुपयाचा फरक राहिला तर मी घरी जात नाही. इथं दोन ठोक्यांचा फरक मी बोटाच्या चुकीवर घातला.

आक्कांना सांगितलं तेव्हा त्या हसल्या. "माझं मशीन तुमच्या रेडिओत बोलतंय व्हय? मग त्याला म्हणावं, जरा गाणं म्हण." पण मी सोडलं नाही. मशीन जुनं आहे, त्यातून ठिणगी बाहेर फेकली जाते, बदलून घ्या, असं पंधरा दिवस त्यांच्या मागं लागलो. शेवटी कंटाळून त्यांनी हा अर्धा तास दिला.

आक्का गेल्यावर आम्ही दोघं घरी आलो. परत शेडकडे निघताना मी बायकोला म्हणालो, "मी येऊन झाल्याचं सांगेपर्यंत घरात विजेचं काही चालवू नकोस."

पाच चाळीसला मशीनचा स्विच बंद केला. खात्रीसाठी बॅटरीची एक क्लिपही काढून ठेवली. घरी येऊन पाहतो तर पडदा स्वच्छ. वीस मिनिटं बसलो. रेघ शून्य. लांबचा एक आवाज एकही शब्द न तुटता ऐकू आला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा मला हलकं वाटलं. "झालं," मी बायकोला म्हणालो, आणि किल्ली घेऊन निघालो.

तेवढ्यात पाऊस आला. शेडमध्ये पोचलो तेव्हा सहा वाजून आठ मिनिटं झाली होती. क्लिप बॅटरीला लावली, स्विच दाबला. लाल दिवा लागला. पत्र्यावर पावसाचा आवाज इतका, की मशीन टकटकतंय का ते ऐकूच येईना. तारेला हात लावून बघायला हवं होतं. पाय ओले, हात ओले, माझा धीर झाला नाही. घरी पडद्यावर दिसेलच, म्हटलं.

सव्वासहाला पडद्यावर रेघा पुन्हा सुरू झालेल्या होत्या. मी लिहिलं: "६.१५. मशीन चालू. खात्री झाली."

खात्री झाली असं लिहिलं, पण चैन पडेना. सात वाजता जाऊन पाहिलं, आठ वाजता पाहिलं, झोपायच्या आधी पाहिलं. रेघा चालू होत्या. दर वेळी मोजल्या. दर वेळी अठ्ठेचाळीस. तो आकडा मला टोचत होता, आणि दर वेळी मी त्याला बाजूला सारत होतो.

रविवारी सकाळी बायको गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली आणि तिथूनच ओरडली, "अहो, वर या. मका बसलाय."

धरणाच्या बाजूचा कोपरा आडवा झाला होता. रूळ फिरवल्यासारखा. मी शेताकडे धावायला हवं होतं. मी आधी लॅपटॉप उघडला. रेघा चालू होत्या. मी श्वास सोडला. म्हणजे मशीन चालू होतं, म्हणजे दोष माझा नाही. मक्याचा विचार त्यानंतर आला. हे लिहितानाही मला बरं वाटत नाही.

आक्का साडेआठच्या एसटीतून उतरल्या, त्या थेट बांधावर. आम्ही दोघं तिथं गेलो. मी रजिस्टर घेऊन गेलो होतो.

"आक्का, मशीन चालूच होतं. रात्री चारदा पाहिलंय मी. हे बघा, वेळेसकट."

त्यांनी वहीकडं बघितलंही नाही. "चालू कुंपणातनं डुकरं आत येत्यात व्हय? दोन वर्षं झाली, एकबी आलं न्हाय."

"तार कुठं ढिली असेल. आणि मशीन जुनं झालंय, मी सांगतच होतो."

 आक्का दोन पावलं पुढं गेल्या आणि त्यांनी तार उघड्या मुठीत धरली. माझी बायको किंचाळली. काहीच झालं नाही. आक्का तार धरून उभ्या होत्या.

"धरा," त्या म्हणाल्या. "तुमच्या वहीत चालू हाय न्हवं? धरा की."

मी धरली. थंड, ओली तार. आणखी काही नाही.

शेडमध्ये लाल दिवा जळत होता आणि मशीन मुकं होतं. बॅटरीच्या टोकावर पांढरा थर साचला होता. मी क्लिप त्या थरावरच बसवली होती. दिव्यापुरती वीज जात होती, झटक्यापुरती नाही. किल्लीनं थर खरवडला, क्लिप घट्ट बसवली. टक, टक, टक सुरू झालं.

मी घरी आलो. पडद्यावर रेघा होत्या त्याच, मिनिटाला अठ्ठेचाळीस. मशीन रात्रभर बंद होतं तेव्हाही त्या होत्या, आता चालू झालं तरी त्यांत एकीची भर नव्हती. मग मी एकेक पिन काढत सुटलो. फ्रीज, टीव्ही, मिक्सर. हॉलमधल्या बोर्डावर एक मोबाइल चार्जर रिकामाच लोंबत होता. तो काढला आणि पडदा स्वच्छ झाला.

तो बोर्ड इन्व्हर्टरवर आहे. मेन स्विच पाडला की इन्व्हर्टर आपोआप सुरू होतो, आणि त्या बोर्डावरची वीज जातच नाही. गच्चीवर बसून मी घर बंद आहे असं समजत होतो. चार्जरही मीच आणलेला, ऑगस्टच्या एका बाजारात, एकशे वीस रुपयांना.

"मग काल संध्याकाळी का थांबलं होतं?" मी स्वतःशीच बोललो.

बायको दारात उभी होती. "काल तुम्हीच म्हणालात ना, काही चालवू नको. मी सगळ्या पिनाच काढून ठेवल्या. तुम्ही झालं म्हणालात, तशा परत लावल्या."

मी खुर्चीत बसलो. आक्कांना क्लिपचं सांगता येणार होतं. बॅटरी जुनी, टोकाला थर, चूक झाली, एवढ्यावर भागलं असतं. चार्जरचं आम्हा दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

"सांगणार ना?" बायकोनं विचारलं.

"त्या माझ्याशी परत बोलायच्या नाहीत."

"तुम्ही त्यांना बांधावर खोटं पाडलंत. तेही मशीन बंद असताना, चालू होतं म्हणून."

मी चार्जर खिशात घालून गेलो. आक्का मक्याची पडलेली ताटं उचलून बांधावर टाकत होत्या. मी सगळं सांगितलं: चार्जर, इन्व्हर्टर, पिना, क्लिप, पन्नास आणि अठ्ठेचाळीस. त्यांनी चार्जर हातात घेऊन उलटासुलटा केला.

"म्हंजे पंधरा दिस माझ्या मशीनला नावं ठिवली ती ह्याच्यापायी?"

"होय."

"आन सकाळी वही दाखवली ती?"

"ती चुकली."

"मका गेला त्याचं एवढं न्हाय भाऊसाहेब. पण तुमी माझ्या तोंडावर म्हणलात, मशीन चालू होतं. म्या हितं नव्हते म्हणून खरं ठरलं असतं."

मी घरून टेप आणला आणि नुकसान मोजायला लागलो. आक्का बघत होत्या. "पगारबिल काढताय व्हय डुकरांचं?" त्या म्हणाल्या, पण टेपाचं दुसरं टोक त्यांनीच धरलं. पाच गुंठे भरले. तीन क्विंटलचा अंदाज निघाला, तो दोघांनाही पटला. एकवीसशेच्या भावानं सहा हजार तीनशे.

"पडलेला मका माझ्या म्हशी खातील. त्याचे आठशे काढा. फुकटचं मला नगं," आक्का म्हणाल्या. "आन त्या वहीत काय लिवलंय, ते माझ्यासमोर नीट करा."

बांधावर बसून मी ती ओळ आडवी रेघ मारून रद्द केली आणि खाली लिहिलं की रात्रभर मशीन बंद होतं, चूक माझी. सही केली. आक्कांनी मला ते दोनदा वाचून दाखवायला लावलं.

सोमवारी शाळा सुटल्यावर बँकेतून पैसे काढले. आक्कांना त्यांच्या अंगणात, बायकोसमक्ष, पाच हजार पाचशे रुपये रोख दिले. बॅटरीच्या क्लिपची नवी जोडी साठ रुपयांची, ते विजेच्या सामानाच्या दुकानदाराला.