आबांच्या शेजारी भुऱ्या

मी फोटो विचार करून काढतो. आमच्या घरात हे वाक्य शिवीसारखं वापरतात.

दौंडला नोकरी लागल्यावर मी ऑफिसातल्या साहेबांचा जुना, रोलचा कॅमेरा घेतला. एका रोलमध्ये फोटो छत्तीसच. म्हणून बटण दाबण्याआधी थांबायचं, श्वास घ्यायचा, मन शांत करायचं. (ही शिकवण साहेबांची. त्यांनी काढलेला एकही फोटो मी पाहिलेला नव्हता.)

रविवारी मी कवठ्याला आजोबांकडे जायचो. आबांनी जन्मभर मेंढरं राखली. आता एकच म्हातारा मेंढा उरला होता, भुऱ्या.

"माझा आन् भुऱ्याचा एक फोटू काढ," आबा म्हणाले. "जोडीचा."

"काढू की आबा. पण आज ऊन फार कडक आहे."

पुढच्या रविवारी ढग आले. त्याच्या पुढच्या रविवारी सावली नेमकी आबांच्या नाकावर पडत होती. सराव म्हणून मी भुऱ्याला ओट्यावर डावीकडे उभा करायचो, उजवीकडे आबांसाठी जागा सोडायचो आणि एकट्या भुऱ्याचा फोटो घ्यायचो. असा छत्तीस वेळा सराव झाला. आता जोडीचा काढायचा, तर भुऱ्याच गेला.

पुढच्या रविवारी गेलो, तर आबा ओट्यावर उजव्या कडेलाच बसलेले, डावी जागा मोकळी सोडून. ते बघून मला लागलं.

महिन्याभरानं चुलतबहिणीचा साखरपुडा होता. बॅगेतला नवा रोल भरून मी पहिला फोटो आबांचा काढला, त्याच ओट्यावर.

"आबा, मधे बसा ना."

"न्हाई, हितंच बरंय," म्हणत ते सवयीनं उजव्या कडेला बसले. बाकीचे पस्तीस फोटो पाहुण्यांचे.

शिरूरचा स्टुडिओवाला पाकीट देताना हसू दाबत होता. "साहेब, वापरलेलाच रोल परत भरलात की."

वापरलेला रोल गुंडाळताना त्याचं टोक आत जाऊ द्यायचं असतं; मी ते बाहेर ठेवलं होतं, त्यामुळे जुना रोल नव्यासारखाच दिसला आणि जुन्या फोटोंवरच नवे फोटो उठले. परिणामी अख्ख्या साखरपुड्याला भुऱ्या हजर होता. आत्याच्या मांडीवर भुऱ्या, भटजींच्या पोटात भुऱ्या, आणि नवरदेवाला चांगली वळणदार शिंगं!

"आता व्याह्यांना काय दावू, माझं डोस्कं?" काकू कपाळाला हात लावून बसल्या.

तेवढ्यात आबांनी गठ्ठ्यातला पहिला फोटो उचलला. ओट्याच्या कडेला ते स्वतः, आणि शेजारच्या मोकळ्या जागेत भुऱ्या. जरासा धुरकट, पण मान आबांकडेच वळवलेली.

आबांनी फोटोतल्या भुऱ्याच्या मानेवरून बोट फिरवलं. मग धोतराच्या सोग्यानं डोळे पुसून म्हणाले, "झाला की जोडीचा."

मला आभाळ ठेंगणं झालं. त्यात, फोटो पोचल्यावर व्याह्यांचा निरोप आला, शिंगांचा फोटो मोठा करून पाठवा.

पुढं दीर्घ श्वास घेऊन, मन शांत करून मी तीन रोल तसेच दोनदा वापरून पाहिले. एकही धड जमला नाही. आबांचा फोटो मात्र चौकटीत घालून दाराजवळच लावला गेला. आल्यागेल्याला आबा कौतुकानं दाखवायचे, "नातवानं काढलाय." आणि मी छाती फुगवेपर्यंत पुढचं सांगून टाकायचे, "चुकून."