भरवशाचा गीझरवाला

परदेशातल्या मराठी माणसाच्या घरात दोन गोष्टी आपोआप साठतात, रिकामी खोकी आणि किस्से. खोकी निदान बाल्कनीत मावतात. किस्से काही मावत नाहीत, म्हणून ते शुक्रवारी बाहेर काढायचे!

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. बर दुबईतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये तीनच मराठी घरं होती: आम्ही, समोरचे पेडणेकर आणि वरच्या मजल्यावरचे सामंत. शुक्रवारी सुट्टी. जेवणं झाली की कुणाच्या तरी हॉलमध्ये चहा. तिथं कुणी नुसतं 'गीझर' म्हणालं, की रात्रीचा स्वयंपाक बोंबलला म्हणून समजा.

आमच्याकडे गीझर बाथरूमच्या फॉल्स सीलिंगवर दडवलेला असायचा. म्हणजे तो दिसत नाही. आणि देव सोडला, तर न दिसणाऱ्या कुठल्याच गोष्टीवर माझा विश्वास नाही.

*

जानेवारीत एका सकाळी आमची सई अंघोळीला गेली आणि तशीच बाहेर पळत आली.

"मम्मा, द टॅप इज बायटिंग मी!"

पहिलीतली पोर, शाळा नको म्हणून काहीही सांगेल असं वाटलं. मी नळाला बोट लावलं, तर कोपरापर्यंत झिणझिण्या! लगेच गीझरचा मेन स्विच बंद केला आणि नातूरला, म्हणजे बिल्डिंगच्या वॉचमनला, बोलावलं.

नातूर आला. त्यानं लांबूनच सीलिंगकडे पाहिलं, मान हलवली आणि उपाय सांगितला.

"कुछ नहीं है, मॅडम. चप्पल पहन के नहाने का!"

*

नवरा रुवैसला एका प्लांटवर इंजिनिअर. आठवडाभर तिकडे, गुरुवारी संध्याकाळी घरी. त्याला फोन केला. तो म्हणाला, "गीझर बंद ठेव, जुना झालाय, नवीन बसवू. पण मी येईपर्यंत कुणालाही घरात घेऊ नकोस."

गुरुवारी आला. सीलिंगची फळी सरकवून टॉर्चनं बराच वेळ वर बघत राहिला. मला वाटलं, आता हा स्वतःच काहीतरी करणार.

खाली उतरून म्हणाला, "आमच्या प्लांटवर असल्या गोष्टीला परमिट असल्याशिवाय कुणी हात लावत नाही."

आणि शनिवारी पहाटे रुवैसला निघून गेला. मी गॅसवर पाणी तापवायला लागले.

*

मग नातूरनं स्वतःच एक माणूस आणला. का आणला असेल, हे मला न सांगताही कळत होतं. त्याचं कमिशन!

हा माणूस शिडीवर चढला आणि चढताक्षणीच कपाळावर हात मारून घेतला. "तौबा तौबा! ये किस गधे ने लगाया? वायर गलत, पाइप गलत, सब तोडना पडेगा!"

मी घाबरून नातूरकडे पाहिलं. नातूरनं शांतपणे शिडीकडे बोट दाखवलं.

"इसी ने लगाया था, मॅडम. खलास, भूल गया होगा."

*

दुसरा उमेदवार मीना बाजारमधल्या एका दुकानदारानं पाठवला. तो दिसायला बरा होता, म्हणून मला जास्तच संशय आला. नवरा म्हणाला, "त्याला फोन दे, मी इंटरव्ह्यू घेतो."

तो रुवैसहून काय काय विचारत होता कोण जाणे. अर्थिंगचा रेझिस्टन्स किती, टेस्ट सर्टिफिकेट कुणाचं, प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह कितीला उडतो. हा माणूस "हां साब, इन्शाल्ला साब" करत राहिला. शेवटी माउथपीसवर हात ठेवून त्यानं मला हळूच विचारलं,

"मॅडम, साब की तबियत ठीक है ना?"

तो चहा पिऊन गेला, तो परत आलाच नाही.

*

एवढं सगळं शुक्रवारी सांगितलं, तर पेडणेकर वहिनी म्हणाल्या, "तुमचं काहीच नाही. आमचं ऐका!"

त्यांनी गीझर बदलला होता जुलैमध्ये. गीझरवाल्यानं गरम पाण्याचा नळ सोडला, वाफाळतं पाणी! "बघा, पाच मिनिटांत!" वहिनींनी खूश होऊन त्याला सरबत दिलं. पुढे चार महिने दोघं नवरा-बायको येईल त्याला सांगत होते, "काय सुंदर गीझर मिळालाय! आणि विजेचं बिल तर वाढलंच नाही!"

डिसेंबरात गार पाणी आलं. वर चढून बघितलं, तर गीझरची वायर सीलिंगमध्ये तशीच लोंबकळतेय, कशालाच जोडलेली नाही!

ज्यांनी तिथला उन्हाळा काढलाय त्यांना सांगायला नको. जुलैत गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच इतकं उकळतं, की आम्ही सगळे गीझर बंद ठेवतो. हे वहिनींनाही पाठ होतं. तरी सरबत दिलंच!

*

त्यामुळे डिसेंबरात दुसरा माणूस आला तेव्हा पेडणेकर भाऊजींनी ऑफिसला दांडी मारली. "मी स्टूल टाकून तिथंच बसणार. बघू कसा फसवतो!"

बसले. थोड्या वेळानं तो म्हणाला, "साब, जरा टॉर्च पकडो." भाऊजींनी पकडला. मग, "जरा पाइप पकडो." मग, "साब, आप लंबे हैं, ये नट जरा टाइट करो." दुपारी वहिनी डोकावल्या, तर भाऊजी शिडीवर घामाघूम, आणि तो माणूस स्टुलावर बसून बिस्किटं खातोय!

दुसऱ्या दिवशी नातूर दारात हजर.

"साब, चौथे माले पे भी एक गीझर लगाना है."

*

आता तुम्ही विचाराल, वर सामंत राहत होते ना? बरोबर. सामंत भाऊंचा काँट्रॅक्टिंगचाच धंदा. रास अल खोरला वर्कशॉप, अख्ख्या बिल्डिंगींना गीझर लावायचे. पण आपल्या माणसाला काम दिलं, की ते बिघडलं तरी त्याला काही बोलता येत नाही. गणपतीला समोरासमोर उभं राहून आरती कशी म्हणायची?

तरी मी सामंत वहिनींना जिन्यात गाठून हळूच विचारलं, "तुमच्याकडे गीझर कोण बसवतं हो?"

"आमच्याकडे? बादलीत रॉड! हे म्हणतात, घरात गीझर बसवायचा तर स्वतः उभं राहायला हवं, आणि मला वेळ नाही."

*

पण सई रोज बाथरूमच्या दारात रडायला लागली. पाणी गॅसवरचं, स्विच बंद, तरी नळाजवळ जाईना. ते बघून मला फार वाईट वाटायचं. आणि खरं सांगायचं तर मलाही भीती वाटायची. ज्या घरात लेकरू अंघोळीला घाबरतं, ते घर कसलं? शेवटी सामंत भाऊच दारात आले.

"वहिनी, मी इथं जिवंत असताना तुम्ही नातूरला विचारता? यल्ला, उद्याच नवीन गीझर!"

दुसऱ्या दिवशी नवीन गीझर, अन्वर नावाचा त्यांचा जुना फिटर आणि स्वतः सामंत भाऊ, असे तिघं आले. मी जागची हलले नाही. वायर जोडलेली डोळ्यांनी पाहिली. काम झालं. भाऊंनी मेन स्विच लावला आणि सईच्या डोक्यावर हात ठेवला.

"जा बेटा, मस्त गरम पाण्यानं अंघोळ कर. अंकलची गॅरंटी!"

सई माझ्या मागे लपली. "यू गो फर्स्ट, अंकल."

भाऊ हसले. मी नाही हसले. कपाटातून धुतलेला टॉवेल काढला आणि त्यांच्या हातात दिला.

"अहो वहिनी, मी सकाळीच केलीय!"

"असू दे. गॅरंटीची करा."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सईकडे. मग अन्वरला बाजूला घेऊन त्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि बाथरूममध्ये गेले. कडी लागली. क्षणभरानं आतून स्तोत्र ऐकू यायला लागलं, इतक्या मोठ्यानं, की पेडणेकर वहिनी दार उघडून बाहेर आल्या. मग पाण्याचा आवाज आला. सई टाळ्या वाजवायला लागली. "ही इज ओके, मम्मा! ही इज ओके!"

मला एकदम हायसं वाटलं. म्हटलं, चला, अन्वरला चहा तरी विचारू. मागे वळून बघते, तर अन्वर पॅसेजच्या टोकाला भिंतीला चिकटून उभा, आणि त्याची दोन बोटं मेन स्विचवर!

"अन्वरभाई, आओ ना, चाय लो."

त्यानं बाथरूमच्या दारावरची नजर हलवली नाही.

"अभी नहीं, मॅडम. सेठ ने बोला है, स्तोत्र रुका तो स्विच गिराने का."