पटावरची नावं

सोनकांबळे बाई आमच्या तांड्यावर पहिल्यांदा आल्या त्या हजेरीपट काखेत मारून. जवळा बाजारच्या वाटेवरच्या गावात त्या नुकत्याच मुख्याध्यापक म्हणून बदलून आल्या होत्या. लिंबाखाली उभ्या राहून त्यांनी एकेक नाव वाचायला सुरुवात केली.

"सीता धनसिंग राठोड."

"ती शेळ्यांमागं गेली," आई म्हणाली. बाई तिथंच दगडावर बसल्या आणि मी माळावरून येईपर्यंत उठल्या नाहीत.

"दोन वर्सं झाली, तू रोज शाळंत हजर हायस," त्या मला म्हणाल्या. "काय शिकलीस, सांग बरं."

मी शाळेची पायरीसुद्धा चढले नव्हते. पण विचारलंय म्हणून सांगितलं, "शेळी अडली तर करडू सोडवता येतं."

बाई हसल्या नाहीत. "बराबर. बाकीचं आता मी शिकवते."

झालं होतं असं, की पट भरलेला दिसावा म्हणून आधीच्या मुख्याध्यापकांनी तांड्यावरच्या लेकरांची नावं घातली होती आणि कोणी न जाताच आमची हजेरी लागत होती. बाईंनी ते बंद केलं. वर्गात जे बसलंय तेवढंच हजर. पहिल्याच महिन्यात हजेरी निम्म्यावर आली. तपासणीला आलेले साहेब चिडले. "असंच राहिलं तर वरचे वर्ग बंद होतील. सातवी जाईल, आणि ती तुमच्यामुळं जाईल."

"नसलेलं लेकरू मी हजर लिवणार न्हाई, साहेब," बाई म्हणाल्या. "दिवाळीपतुर थांबा. असलेलं आणून दाखवते."

मग रोज शाळा सुटली की बाई तांड्यावर. माझा बा काही ऐकेना. "पोरगी शाळंत बसली तर शेळ्या कोण राखील?"

"काहून अडता, धनसिंगभाऊ? शेळ्याबी येऊ द्या."

आणि खरंच, आम्ही शेळ्यांसकट शाळेत जाऊ लागलो. शेळ्या मागच्या बाभळींखाली चरायच्या, आम्ही पाळीपाळीनं त्यांच्यावर लक्ष ठेवायचो. "ही शाळा हाय का कोंडवाडा?" असं गावातले काही जण बाईंच्या तोंडावर विचारायचे. बाई म्हणायच्या, "लेकरू आलं ना? मंग बराबर."

दिवाळीनंतर साहेब आले. त्यांनी पट स्वतःच्या हातात घेतला. प्रत्येक नावाला ओ आली. त्यांनी डोकी पुन्हा मोजली आणि सही केली. सातवी राहिली.

त्याच सातवीच्या परीक्षेला काही वर्षांनी तांड्यावरच्या आम्ही तिघी बसलो. तिघीही पास झालो, आणि केंद्रात पहिली मी आले. बाईंनी निकाल दोनदा वाचला, चष्मा काढून पदरानं पुसला आणि सगळ्या वर्गाला उभं करून आमच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या.

त्या उन्हाळ्यात त्यांची बदली वसमतकडे झाली. त्यांची ट्रंक माझ्या बानं डोक्यावर घेतली आणि गाडीच्या थांब्यापर्यंत नेली. गाडी दिसल्यावर तो म्हणाला, "बाई, जायच्या आधी आमच्या धाकटीचं नाव लिवून जावा."

"शाळेला सुट्टी लागलीय, भाऊ. जूनमदी तुमीच घेऊन जा तिला."

"मला तिथं कोण वळखतंय?"

"सीताचा बाप म्हणून सांगा," बाई म्हणाल्या आणि गाडीत चढल्या.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी शिपाई कुलूप काढायला आला, तेव्हा धुतलेला फेटा बांधून, धाकटीचं बोट धरून बा दारात उभा होता.