एक नंबरचा फोटो

जुना कॉम्प्युटर टकटक करायला लागला, त्याच आठवड्यात बायकोच्या पोटातल्या गाठीचा तुकडा तपासायला नांदेडला गेला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, हे मला कळतं. पण मी शकुन-अपशकुन मानणारा माणूस आहे. मांजर आडवं गेलं की मोटारसायकल थांबवतो. बायको यावरून मला आयुष्यभर हसत आली आहे. "त्या मांजराला बी कामं असतेत, जाऊ द्या की त्याला," असं ती मागच्या सीटवरून म्हणायची.

बोरीत मेन रोडला आमचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर, बाहेरून लोखंडी जिना. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, श्रद्धांजलीचे बॅनर. डिझाइन आम्ही करतो, छपाई परभणीला होते आणि गुंडाळी संध्याकाळच्या एसटीनं येते. बॅनरवर माणूस दोनदाच चढतो, एकदा शुभेच्छा घ्यायला आणि एकदा श्रद्धांजली घ्यायला. चौकट तीच असते. पहिल्या वेळी गॉगल चालतो, दुसऱ्या वेळी घरचे तो काढायला लावतात.

म्हणून आमच्याकडे फोटोंची फोल्डरंही दोनच होती, हयात आणि मयत. ही नावं माझ्या वडिलांची. ते जिंतूरला तहसीलच्या बाहेर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहायचे. वारसनोंदी लिहून लिहून त्यांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची उरली होती. रडत आलेल्या बाईलाही ते म्हणायचे, "माय, कोण हयात अन् कोण मयत एवढं आधी सांग, बाकीचं मागून ऐकतो." मी दुकान टाकलं तेव्हा त्यांनीच ही वाटणी करून दिली. कॉम्प्युटरवर मराठी नावं द्यायला आम्हाला जमत नव्हतं, म्हणून ती इंग्रजी अक्षरांत लिहिली. तशी लिहिली की दोन्हींत पहिल्या अक्षराचा काय तो फरक राहतो.

दोन्हीकडे फोटोंना नंबर होते, एकपासून सुरू. हयातमधला एक नंबर बायकोचा. नवा कॅमेरा चालतो का ते बघायला मी तिला दुकानाच्या दारात उभं केलं होतं. हातात सूप होतं, ती कशावरून तरी हसत होती, अर्धे डोळे मिटलेले. मयतमधला एक नंबर वडिलांचा. त्यांचाच बॅनर मी पहिल्यांदा केला. त्यानंतर मी एक नियम केला आणि कधी मोडला नाही. जिवंत माणसाचा फोटो चहा पिण्यापुरतासुद्धा मयतमध्ये ठेवायचा नाही.

बायको या नियमाला हसायची, पण तिचंही एक होतं. सवाष्ण बाई गेली आणि फोटोत टिकली बारीक असली की घरची माणसं सांगतात, कपाळ भरलेलं दिसू द्या. ते काम तिचं. माउसनं ती गोल, ठसठशीत कुंकू काढायची. माझ्या हातून ते कायम अंड्यासारखं व्हायचं. मग ती मागचं दार, दोरीवरचे कपडे, शेजारची माणसं कापून टाकायची आणि बाईला एकटीला निळ्या ढगांत ठेवायची. काम झालं की न चुकता स्वतःच्या कपाळाला हात लावून टिकली जागेवर आहे का ते बघायची. एरवी कशालाच न भिणारी बाई तेवढंच करायची आणि त्यावर बोलायची नाही.

तर टकटक वाढली. परभणीहून नवा कॉम्प्युटर आणला. फोटो हलवायचं काम ती म्हणाली मीच करते. पोट दुखत होतं म्हणून खुर्चीत उशी घेऊन बसली. मी म्हटलं, रिपोर्ट येईपर्यंत वर पडून राहा. "वर पडून काय करू, छताचे पत्रे मोजू?" ती म्हणाली. मला तिचं खाली असणं बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

भर दुपार होती. मी पलीकडे एका गिऱ्हाइकाशी पत्रिकेतल्या काकांच्या क्रमावरून वाद घालत होतो. तिनं पेनड्राइव्हमधून आधी मयतमधले फोटो नव्या कॉम्प्युटरवर हलवले; हलवले की पेनड्राइव्ह रिकामा होत होता. मग हयातमधले उतरवायला गेली आणि त्या एका अक्षरानं घात केला. ते ठेवायला तिनं नव्यावर परत मयतच उघडलं. कॉम्प्युटरनं इंग्रजीत विचारलं, या नावाच्या फाईली इथं आधीच आहेत, त्यांच्या जागी या ठेवू का? ती हो म्हणाली. आमच्या धंद्यात यंत्रानं काही विचारलं की हो म्हणायचं असतं. नाही म्हटलं की ते आणखी दोन प्रश्न विचारतं.

गिऱ्हाईक गेल्यावर मी सगळं नीट आलंय का बघायला बसलो. आमच्या बॅनरच्या फायलीत फोटो नसायचा, फोटोचा नंबर असायचा. जुनं यंत्र हळू होतं म्हणून ही युक्ती. फाईल उघडली की ती फोल्डरात जाऊन त्या नंबरचा माणूस आणायची आणि चौकटीत बसवायची. सवयीनं मी पहिली उघडली ती वडिलांची.

वर भावपूर्ण श्रद्धांजली. दोन्ही बाजूंना समया. मधे हार. आणि हारात माझी बायको, हातात सूप घेऊन, हसत.

ती मागून वाकून बघत होती. खुर्चीला धरून हसायला लागली. "आवं, मामाजीच्या हारात मी कशी काय घुसले?"

मी घाईघाईनं दुसरी फाईल उघडली, तिसरी उघडली. सगळीकडे जिवंत माणसं. आमचे सरपंच हात जोडून, मागे जीप, खाली शोकाकुल परिवार. पहिल्या वाढदिवसाचं बाळ मुकुट घालून. नुकतं लग्न झालेलं जोडपं, समयांच्या मधे. ती हसून हसून पोट धरत होती आणि पोट दुखलं की थांबत होती. मला रडू येत होतं.

मी जुन्या कॉम्प्युटरकडे धावलो. अजून सगळं त्याच्यात होतं, परत उतरवून घेऊ. बटण दाबलं. आतून टक, टक आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही, मग आणखी एकदा टक, आणि तो गेला. मी त्याचा डबा दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. डबा अजून ऊबदार होता.

म्हणजे ज्या मयतांचे नंबर हयातांशी जुळले ते वडिलांसकट पुसले गेले होते; उरलेले मयत आणि सगळे हयात आता एकाच फोल्डरात होते आणि त्यांना हातानं वेगळं करण्यावाचून इलाज नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं बसलो. मी एकेक फोटो उघडायचो, ती निकाल द्यायची. पंचक्रोशीतली सगळी माणसं तिला तोंडपाठ.

"हयात."

"मयत."

"ही हयात, पण सासूला छळायलीय."

"हा? हा बी मयतच की. मागल्या श्रावणात गेला. तुमीच तर बॅनर केलाव."

हयातमधून आलेल्यांतले किती तरी आता खरंच तिकडचे झाले होते. मी त्यांना हयात म्हणूनच जपून ठेवलं होतं आणि ते कधीचे उठून गेले होते. कुणालाही उचलून दुसरीकडे ठेवताना मला घाम फुटत होता. तिला मात्र पाटावर बसून गहू निवडल्यासारखं चाललं होतं.

एक नंबर मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. तो उघडला. ती पडद्याकडे बघत राहिली. सूप, दार, अर्धे मिटलेले डोळे.

"हिचं राहू द्या सध्या," ती म्हणाली. "हिचा रिपोर्ट यायचाय."

मी ओरडलो. काय काय बोललो ते आता आठवत नाही, पण रस्त्यावरचा भाजीवाला वळून बघत होता. मी तिच्या हातातून माउस हिसकावला आणि तो फोटो हयातमध्ये नेऊन ठेवला. थोड्या वेळानं ती चहा घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवताना म्हणाली, "कशाला एवढं भ्यायलाव?" मला भीती वाटत होती, दुसरं काय? तिच्याशिवाय या दुकानाचं शटर मी एक दिवससुद्धा उघडलेलं नव्हतं.

रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघं नांदेडला गेलो. डॉक्टरांनी कागद वाचला आणि मला जरा बाहेर यायला सांगितलं. ती खुर्चीतून उठली. "मला बी ऐकू द्या की साहेब. गाठ माझी हाय." मग त्यांनी दोघांनाही सांगितलं. गाठ वाईट होती आणि पोटात पसरलेली होती. औषधं देऊन बघू, म्हणाले. 'बघू' या शब्दात काय काय असतं ते मला त्या दिवशी कळलं.

येताना गाडी चुडाव्याच्या स्टेशनात बराच वेळ उभी राहिली, पुढून दुसरी यायची होती म्हणून. डब्यात उकडत होतं. ती खिडकीतून बाहेर हळदीच्या रानाकडे बघत होती. दर वर्षी आमच्या दुकानात पेन्शनवाले म्हातारे येतात, मशीनवर अंगठा ठेवतात आणि हयातीचा दाखला घेऊन जातात. अंगठा झिजलेला असला की मशीन त्यांना ओळखत नाही. मग ते बिचारे धोतराला अंगठा पुसून पुन्हा पुन्हा जिवंत व्हायला बघतात.

"मला बी एक हयातीचा दाखला काढून द्या," ती खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणाली. "वर्षाचा न्हाई तर न्हाई. दिवाळीपर्यंतचा मिळतो का बघा."

मी तिचा हात धरला. समोरची बाई बघत होती तरी धरला.

औषधं सुरू झाली. तिचे केस गेले, चव गेली. पण सकाळी जिना उतरून ती दुकानात यायचीच. कठड्याला धरून, मधल्या पायरीवर थांबून. मी गिऱ्हाइकाकडे गेलो की कॉम्प्युटरवर काहीतरी करत बसायची. मला वाटायचं, पत्रिका बघत असेल.

एक दिवस कुणाच्या तरी पुण्यस्मरणासाठी मी मयत उघडलं तर पहिलाच फोटो तिचा. मला वाटलं, मी हलवलेला परत तिथं कसा? मोठा करून बघितला. मागचं दुकानाचं दार कापलेलं होतं. हातातलं सूप नव्हतं. निळे ढग होते. आणि कपाळावर कुंकू होतं, गोल, ठसठशीत. माझ्या हातून ते अंड्यासारखं झालं असतं, हे तिला माहीत होतं.

ती पलीकडे स्टुलावर बसून पत्रिकांना हळदीची बोटं लावत होती. मी फोटो उचलला आणि हयातमध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी तो परत मयतमध्ये होता.

मी परत हयातमध्ये आणला. तिनं परत तिकडे नेला. आमच्यात यावर एक शब्द झाला नाही. भाजीवरून भांडण व्हायचं, गोळ्या चुकवल्यावरून व्हायचं, पण या फोटोवर कुणी काही बोलायचं नाही. सकाळी मी आणायचा, दुपारी कधीतरी माझी नजर चुकवून तिनं न्यायचा. मला तिचा राग यायचा. इतकी कसली घाई या बाईला, मी मनात म्हणायचो. एकदा तर मी फोटोचं नावच बदलून ठेवलं. तिनं तो हुडकला, परत एक नंबर दिला आणि नेला. त्या दिवशी ती दिवसभर खुशीत होती.

दिवाळी झाली. मी देवापुढे दिवा लावताना तिला ऐकू जाईल असं म्हटलं, "झाली बरं का दिवाळी." ती म्हणाली, "मग नवा दाखला काढा." आणि हसली. हसताना डोळे फोटोतल्यासारखेच अर्धे मिटले.

आता थंडी पडली आहे. मी सकाळी शटर उघडतो, कॉम्प्युटर लावतो आणि आधी ती दोन फोल्डरं बघतो. गेल्या काही दिवसांपासून फोटो मी ठेवतो तिथंच असतो, हयातमध्ये. पहिल्या दिवशी मला बरं वाटलं होतं. वाटलं, अखेर ऐकलं माझं. मग लक्षात आलं की जिना वाजलाच नव्हता.

ती वर आहे. मी दर तासाला जाऊन येतो, पाणी देतो, कूस बदलून देतो. खाली आलो की परत फोल्डर उघडतो. इतके दिवस ज्या गोष्टीचा मला राग यायचा, तीच आता मागतो. कधी जिना वाजावा, माझी नजर चुकावी, आणि मी बघेन तेव्हा तो फोटो मयतमध्ये असावा.