आभाळाची कास

हवामानाच्या चौकीवर तीस वर्षं आभाळ बघून कागदावर टिपणाऱ्या माणसाला सगळे ढगोबा म्हणायचे. तोंडावर. बायकोसुद्धा म्हणायची, "चुलीवर दूध उतू चाललंय, अन् हे ढग मोजतायत!" त्याचा सल्ला कुणी घेत नसे. घेतला तो एकदाच, त्याच्या जावयानं.

जावई रंगारी. चौकीमागच्या उंच पाण्याच्या टाकीचं काम त्याच्याकडं होतं. दुपारी लांब गडगडलं तसा तो खाली उतरला. मुकादम पिसाळला.

"कापूस आहेस का भिजायला? चढ, नाहीतर दुसरा बघतो."

जावई चौकीच्या दाराशी आला. "मामा, चढू का?"

ढगोबानं मान वर केली. ढगाखाली गोल पिशव्या लोंबत होत्या, दुभत्या गाईच्या कासेसारख्या. वादळी ढगाचा माथा ऐरणीसारखा पसरतो. त्यातली बर्फाच्या कणांनी गारठलेली जड हवा जागोजाग खाली बसते, तिथं या पिशव्या धरतात. इथली वादळं मावळतीकडून येऊन उगवतीला जायची; त्यानं त्या कायम वादळ सरल्यावर, उगवतीला पाहिलेल्या.

"हे वादळाचं ढुंगण, जावईबापू," तो ऐटीत म्हणाला. "तोंड कधीच पुढं गेलं. बिनघोर चढा."

"सासरा बोलला, आता तरी हल!" मुकादम हसला.

आज पिशव्या मावळतीला होत्या. ढगाचा माथा वादळाच्या पुढं पसरत आला होता, वादळ मागून येतच होतं. पण दिशेचा रकाना ढगोबा वर्षानुवर्षं आदल्या दिवसाचाच उतरवून काढायचा. वरच्या ऑफिसात कोण वाचतंय?

अर्ध्या तासात काळ्या ढगाची वळकटी जमिनीलगत लोळत आली. पावसानं गार झालेली हवा खाली आपटून पुढं सुटते, दमट गरम हवेखाली पाचरीसारखी घुसून तिला वर उचलते; त्याचीच ही वळकटी. ढगोबाला सगळं पाठ. तो ओरडत धावला. वारा आधी पोचला.

जावई मेला नाही. टाकीवरून पडून कमरेखाली लुळा झाला.

चौकशीत मुकादम म्हणाला, "मी कुठं चढवला? सासऱ्यानं चढवला." साहेबानं विचारलं, "खरं?" खोटं काय होतं त्यात? ढगोबानं सही केली. भरपाई बुडाली.

लेक म्हणाली, "बाबा, मान वळवून दिशा बघायला काय झालं होतं?"

ढगोबा आता रोज सकाळी जावयाची कूस बदलायला जातो. लेक दार उघडते, पाणी विचारत नाही. सुरुवातीला उचलायला दोघं लागायचे. आता जावई इतका वाळलाय, की म्हातारा एकटाच उचलतो.